डॉक्टरांचं पहिलं पोतं

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. बाबा सातवीपर्यंत शिकले, आई सही करण्यापुरती. तेव्हा पीएच.डी. झालेल्या एका शास्त्रज्ञाबद्दल मी काही लिहावं हा आगाऊपणा आहे, याची मला कल्पना आहे. त्यातून मी जे लिहिणार आहे त्यात कौतुक कमी आणि निंदाच जास्त आहे, आणि ज्यांच्या टेबलावर बसून मी अकरावीपासून बी.एस्सी.पर्यंतचा सगळा अभ्यास केला, त्यांचीच ही निंदा आहे. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. आमचे मराठीचे सर म्हणाले होते, माहितीतल्या माणसावर लिही, म्हणजे खोटं लिहायची वेळ येणार नाही. माझ्या माहितीत मोठी माणसं फार नाहीत. जे एक आहेत, त्यांच्याइतका निरुपयोगी मोठा माणूस भांडुपपासून मुलुंडपर्यंत दुसरा नसेल, असं माझं प्रामाणिक मत होतं आणि ते बरीच वर्षं टिकलं.

ते कॅन्सरवर नवीन औषधं शोधायचे. म्हणजे छंद म्हणून नव्हे, नोकरीच ती होती. हमरस्त्यावरच्या एका औषध कंपनीत मागच्या बाजूला एक दुमजली इमारत होती, तिथे ते सव्वीस वर्षं रोज सकाळी साडेआठला जात आणि सहाला परत येत. या सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून एकही औषध दुकानापर्यंत पोचलं नाही. कॅन्सरचं सोडाच, सर्दीचंही नाही. पोस्टमन सव्वीस वर्षांत निदान काही लाख पत्रं पोचवतो. माझे बाबा गिरणी बंद पडेपर्यंत कापड विणत होते, ते कापड कोणीतरी अंगात घातलं असेल. डॉक्टरांनी काय केलं, असं कोणी विचारलं तर ते स्वतःच शांतपणे सांगत, "कशाकशाने बरं होत नाही, ते शोधलं." हे सांगताना त्यांना लाज वाटत नसे. मलाच वाटायची.

त्यांचा माझा संबंध असा, की माझी आई त्यांच्याकडे पोळ्या करायची. बाबांची गिरणी संपात गेली ती गेलीच, तेव्हापासून आईने मुलुंडमध्ये तीन घरची कामं धरली. त्यातलं शेवटचं डॉक्टरांचं. ते एकटे होते. लग्न का केलं नाही असं आईने एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "एकदाच करता येतो अशा प्रयोगावर माझा विश्वास नाही, सावंतबाई." आईला ते कळलं नाही, पण ती महिनाभर घरी येऊन हसत होती. भांडुपच्या टेंभीपाड्यावरच्या आमच्या खोलीत अभ्यासाला जागा नाही हे कळल्यावर त्यांनी मला त्यांचं टेबल दिलं. आणि पहिल्याच दिवशी मला 'तुम्ही' म्हणाले. सोळा वर्षांच्या मला तोवर कोणीही 'तुम्ही' म्हटलेलं नव्हतं. बसचा कंडक्टरसुद्धा 'ए, पुढे सरक' म्हणायचा. मला वाटलं मागे कोणीतरी उभं आहे.

दारावरच्या पाटीवर 'डॉक्टर' असं लिहिलेलं असल्यामुळे सोसायटीतली माणसं सुरुवातीला ताप, खोकला, लहान मुलाचं पोट घेऊन यायची. डॉक्टर सगळं लक्षपूर्वक ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "मी फक्त उंदरांना देतो." हळूहळू माणसं यायची थांबली. मग तळमजल्यावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या घरात उंदीर झाले, तेव्हा ते आले. त्यांचीही निराशा झाली.

सरळ उत्तर द्यायचं नाही, हा त्यांचा स्वभाव होता की धंद्यामुळे जडलेली खोड होती, हे मला कधी ठरवता आलं नाही. पोळी कशी झाली आहे असं आईने विचारलं, तर म्हणत, "एका पोळीवरून काय सांगणार?" बाहेर पाऊस आहे का विचारलं, तर खिडकीतून हात बाहेर काढत, आत घेत, थोड्या वेळाने पुन्हा काढत आणि मग बोलत. आणि प्रत्येक गोष्ट करायची तर तिच्या शेजारी न केलेलीही एक गोष्ट हवी. याला ते 'तुलनेसाठी' म्हणत. दाराच्या दोन बिजागऱ्यांपैकी एकीलाच तेल घालत, दुसरी तुलनेसाठी कोरडी. त्यामुळे त्यांचं दार मी ओळखतो तेव्हापासून कुरकुरतंय. पॉलिश केल्याने चामडं खरंच जास्त टिकतं का हे पाहण्यासाठी डावा बूट रोज पॉलिश करत आणि उजवा कधीच नाही. कंपनीच्या साहेबांच्या मुलीच्या लग्नालाही ते तसेच गेले. एक पाय चकचकीत आणि दुसरा गाळातून काढल्यासारखा. साहेबांच्या पत्नींनी त्यांना जेवणाची पंगत मागच्या बाजूला आहे असं सांगितलं. डॉक्टर जेवून आले आणि आईला म्हणाले, मागच्या बाजूला जिलेबी जास्त गरम मिळते.

नमुना ठेवण्याचं तर त्यांना वेड होतं. जे काही घरात येईल त्याचा चिमूटभर नमुना बाटलीत भरून, चिठ्ठी चिकटवून, नंबर घालून कपाटात. चहा पावडर, गूळ, हिंग, आईच्या हातचं लोणचं. हिंग वाईट निघाला तर दुकानदाराला पुराव्यानिशी सांगता यावं म्हणून. दुकानदाराला त्यांनी कधी काही सांगितलं नाही, आणि कपाटात कपडे ठेवायला जागा राहिली नाही. "जे आलं त्यातलं थोडं ठेवलंच पाहिजे, सावंत," ते मला म्हणायचे, "नाहीतर उद्या कोणी विचारलं की काय होतं ते, तर दाखवणार काय?" मी हो म्हणायचो आणि मनात म्हणायचो, उद्या कोण विचारणार आहे तुम्हाला?

एकदा त्यांनी मला कंपनीतल्या त्यांच्या उंदरांच्या खोलीत नेलं. पांढरे उंदीर, लाल डोळ्यांचे, पिंजऱ्यांच्या रांगा. डॉक्टर दारातून आत शिरताना म्हणाले, "काय मंडळी?" तिथे आधी उंदरांना रोग देत, मग अर्ध्यांना औषध देत, अर्ध्यांना नुसतं पाणी, आणि कोण किती दिवस जगतं ते वहीत लिहीत. बहुतेक वेळा सगळे एकदमच मरत. मी हे घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, आधी आजारी पाडायचं आणि मग बरं करायला बघायचं, त्यापेक्षा सोडून द्यावं बिचाऱ्यांना. मलाही ते पटलं. विज्ञान शाखेत असून पटलं, हे कबूल करतो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती आईपासूनच सुरू झाली. एके दिवशी डॉक्टर जेवता जेवता म्हणाले, की आता ते झाडांच्या मागे लागले आहेत, झाडाच्या मुळीत, सालीत काय असेल सांगता येत नाही. आई पोळी वाढताना सहज बोलून गेली, की आमच्या माहेरी कणकवलीकडे अंगावर गाठ आली तर डोंगरातल्या एका झाडाची साल उगाळून लावतात. डॉक्टरांचा घास हातात राहिला. कोणतं झाड, कुठे मिळतं, गाठ जाते का. आई म्हणाली, गाठ जाते की नाही माहीत नाही, पण लावतात. त्याच दिवशी डॉक्टरांनी माझ्याकडून मामाला पत्र लिहून घेतलं, एक पोतंभर साल वाळवून पाठवावी म्हणून.

माझा मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. गावातून एसटीत कोणाच्या तरी हवाली मुंबईला काही धाडायचं, तर ते भरगच्च धाडायचं, अशी तिथली रीत. फणस असो, कोकमाची सोलं असोत, चाकरमान्याच्या घरी रिकामी जागा असलेली पिशवी जाता कामा नये. दिवाळीच्या आसपास पोतं आलं. तोंड शिवलेलं, बाहेर फुगलेलं. डॉक्टरांनी शिवण उसवून वरच्या दोन साली काढल्या, बाटलीत घातल्या, चिठ्ठी चिकटवली, आणि पोतं कंपनीत नेऊन दळायला दिलं.

दोन-तीन महिन्यांनी एका दुपारी, कामाची वेळ असताना, डॉक्टर घरी आले. आई कणीक मळत होती, मी टेबलाशी होतो. आईला वाटलं तब्येत बिघडली. डॉक्टर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "सावंतबाई, मंडळी अजून जिवंत आहेत." आईला काही बोध झाला नाही. ती म्हणाली, बरं आहे ना मग. पाणी दिलेले सगळे उंदीर मेले होते आणि मामाच्या पोत्यातला अर्क दिलेले हिंडत होते. डॉक्टरांनी प्रयोग पुन्हा केला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा केला. त्यात अर्क संपला, पण आकडे तेच आले. साहेबांनी त्यांना खोलीत बोलावून चहा दिला. इमारतीत स्वतंत्र विभाग द्यायचं चाललं. डॉक्टरांनी त्या आठवड्यात पेढे आणले, स्वतःच, आणि मला म्हणाले, "अजून काही सांगता येत नाही, सावंत. पण पेढे खा."

मग दुसरं पोतं आलं. उंदीर मेले. तिसरं आलं, मामाने या वेळी जवळजवळ दोन पोती धाडली. उंदीर मेले, सगळे, वेळच्या वेळी. डॉक्टरांनी बाटलीतला नमुना काढून पडताळून पाहिला. झाड तेच, साल तीच. पण काचेच्या पट्टीवर अर्क चढवला की त्यातल्या एकेका द्रव्याचा ठिपका उमटतो, आणि पहिल्या पोत्याचे जे ठिपके उमटले होते, त्यातले काही आता उमटतच नव्हते. पहिले ठिपके त्यांनी वहीत पेन्सिलीने गिरवून ठेवलेले होते, आणि ती वही घेऊन ते साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, चित्र कोणीही काढील, ठिपके दाखवा. ते दाखवता येईनात. तेव्हापासून कंपनीत कुजबुज सुरू झाली, की सव्वीस वर्षांत काही हाती लागलं नाही म्हणून म्हाताऱ्याने आकडे बसवले. हे तोंडावर कोणी म्हणालं नाही. त्यांना फक्त गोळ्यांच्या विभागात बदली दिली. तिथे खोकल्याची गोळी कोमट पाण्यात किती मिनिटांत विरघळते हे घड्याळ लावून पाहायचं. रिटायर व्हायला तीन-चार वर्षं होती, तोवर तेच.

मला त्यांचा राग आला. खरंच आला. माणसाने भांडावं, ओरडावं, राजीनामा तोंडावर फेकावा, असं मला त्या वयात वाटायचं. डॉक्टर सकाळी साडेआठला जात, गोळ्या विरघळवत आणि सहाला परत येत. संध्याकाळी जुनी वही उघडून आपलेच आकडे पुन्हा पुन्हा वाचत बसत, बोट ठेवून, शाळेतल्या पोरासारखं. मी समोर रसायनाचा अभ्यास करायचो आणि मनात म्हणायचो, असं नाही व्हायचं आपण. काही झालं तरी असं नाही व्हायचं.

त्या मे महिन्यात मी आजोळी गेलो. मामा कुंपणाला काटेरी शिरं, म्हणजे काट्यांच्या फांद्या, बांधत होता. डॉक्टरांचं काय चाललंय म्हणून त्याने विचारलं, आणि मी सगळं सांगितलं. मामाचे हात थांबले. मग खाली मान घालून म्हणाला, "अरे, पोता काय भरना. इतक्या मोठ्या माणसाक अर्धा पोता कसा धाडूचा? गाडी हॉर्न मारूक लागली. खाली थोडा दुसरा घातलंय आणि वर चांगला ठेवलंय." बाजारात आंब्याची पेटी भरतात तसं त्याने डॉक्टरांचं पोतं भरलं होतं. दुसरं म्हणजे काय, मी विचारलं. "डोंगरातलाच," मामा म्हणाला. "आता काय काय ता कोणाक आठवता?" आणि ही गोष्ट डॉक्टरांना सांगू नको, असं त्याने मला आईची शपथ घालून सांगितलं.

इथे मला माझ्याबद्दल लिहायला हवं, आणि ते जड जातंय. मी गप्प बसलो. मुंबईला परत आल्यावर रोज त्याच टेबलावर बसलो आणि गप्प बसलो. कारणं बरीच होती. मामाची अब्रू, घातलेली शपथ. आईचं काम गेलं तर काय, टेबल गेलं तर परीक्षेचं काय. खरं कारण एकच होतं, मला धीर झाला नाही. समोरचा माणूस आपल्याच वहीवर बोट ठेवून बसलेला दिसायचा आणि मी पुस्तकाचं पान उलटायचो. असे अकरा महिने गेले.

शेवटी परीक्षा झाल्यावर, पेपर बरे गेले का असं त्यांनी विचारलं तेव्हा, माझ्या तोंडून निघून गेलं.

"डॉक्टर, ते पहिलं पोतं सगळं एका झाडाचं नव्हतं."

त्यांनी कप खाली ठेवला. "कोण म्हणालं?"

"मामा. पोतं भरेना म्हणून त्याने खाली दुसरं काही घातलं. वर फक्त चांगलं होतं."

"तुम्हाला हे केव्हा कळलं?"

"गेल्या मे महिन्यात."

त्यांनी बोटांवर महिने मोजले. मला वाटलं आता दार दाखवतील, आणि तेच बरोबर झालं असतं. ते म्हणाले, "सावंत, मला वाटायला लागलं होतं, की ते आकडे मीच लिहिले असतील. कोणाला फसवायला नव्हे. व्हावंसं वाटत होतं म्हणून, नकळत. माणूस लिहू शकतो." मग त्यांनी मला पाणी आणून दिलं, कारण मी रडत होतो. म्हणाले, रडण्यासारखं यात काही नाही, ही फार चांगली बातमी आहे, आता फक्त खाली काय होतं तेवढंच शोधायचं.

'तेवढंच' हा शब्द त्यांनी इतक्या सहज वापरला की मला पुन्हा त्यांचा राग आला. पुढच्याच आठवड्यात रजा काढून ते कणकवलीला गेले, एक चकचकीत आणि एक मातकट बूट घालून, खांद्याला बाटल्यांची पिशवी. मामासमोर उभे राहून त्यांनी त्याला नमस्कार केला आणि कुठल्या डोंगरावर जायचं ते विचारलं. मामाची काय अवस्था झाली असेल, ते मला आज कळतं. तो त्यांना घेऊन डोंगरावर गेला. दिसेल ते झाड दाखवत गेला. हे असेल, नाहीतर ते असेल, त्या कड्यावरचं असेल. डॉक्टर प्रत्येकाची साल काढत, बाटलीत भरत, नंबर घालत. बाटल्या मुंबईला आल्या की ओळखीच्या एका प्राध्यापक बाईंच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत रविवारी जाऊन पट्टीवर ठिपके उमटवत आणि वहीतल्या ठिपक्यांशी ताडून पाहत. जुळत नसत. पुढच्या मे महिन्यात पुन्हा डोंगर. त्याच्या पुढच्याही. गावातली पोरं त्यांना 'साल डॉक्टर' म्हणायला लागली. मामाला त्यांचा लळा लागला होता, डॉक्टर येणार म्हटलं की तो आदल्या दिवशी दाढी करून बसायचा. पण वर चढताना बोलायचा नाही. डॉक्टरांना दम लागला की बसायचा, पाण्याचा तांब्या पुढे करायचा आणि दुसरीकडे बघायचा. मी म्हणायचो, डॉक्टरांना अक्कल नाही. साठीला आलेला माणूस उन्हात कडे चढतोय, कशासाठी, तर आपण खोटं बोललो नाही हे सिद्ध करायला. आणि कोणापुढे? गोळ्या विरघळवणाऱ्या लोकांपुढे.

गेल्या वर्षी मामा गेला. छातीत दुखलं, कणकवलीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. डॉक्टर नुकतेच रिटायर झाले होते आणि मुलुंडची जागा सोडून सांगलीला बहिणीकडे राहायला गेले होते. मामाच्या वर्षश्राद्धाला ते सांगलीहून आले. येताना बाटल्याही घेऊन आले. जेवणं झाल्यावर पडवीत बसून आमचं बोलणं चाललं होतं, की पलीकडचा एक डोंगर राहिलाय, मामा तिकडे कधी नेत नसे, तर उद्या पहाटे निघावं. मामी खांबाला टेकून ऐकत होती. ती पुढे आली आणि डोक्यावरचा पदर नीट करत म्हणाली,

"डॉक्टर, तुम्ही उगीच पाय झिजवतास. डोंगरातला काय नाय ता."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं.

"खळा करूक मी सदाफुली उपटून सुकाक टाकलेली. ढीग होतो. तोच भरल्यानी पोत्यात. मुंबयच्या डॉक्टराक आपण कचरो धाडलो, ह्या सांगूक लाज वाटली त्यांका. माका म्हणाले, मी मेल्यार सुद्धा सांगू नको. आज वरीस झाला. माका बघवना नाय आता."

सदाफुली. दर घराच्या अंगणात वाढते ती, गुलाबी-पांढरी, गुरंही जिला तोंड लावत नाहीत. आणि जिच्या पानांतून निघालेलं रक्ताच्या कॅन्सरचं औषध जगभर कधीचं विकलं जातंय. हे मला बी.एस्सी.च्या पुस्तकातून माहीत होतं. डॉक्टरांना तर माझ्या जन्माच्या आधीपासून माहीत असणार. तीन उन्हाळे डॉक्टर तिच्यावरून चालत डोंगराकडे गेले होते. मला हसू आलं, आणि ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी अंगणात उतरलो.

मागून डॉक्टरांचा आवाज आला. त्यांनी मामीला एवढंच विचारलं, "पानांसकट?"

"पानांसकट नि मुळांसकट," मामी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ते सांगलीला परत गेले, बरोबर सदाफुलीची एक जुडी. एसटीत बसल्यावर त्यांनी ती मांडीवर घेतली. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला त्यांची कीव आली, आणि कीव ही रागापेक्षा वाईट असते असं मला वाटतं, कारण तिच्यात आपण स्वतःला फार शहाणे समजतो.

मागच्या मंगळवारी त्यांचं आंतरदेशीय पत्र आलं. अक्षर पहिल्यापेक्षा कापरं झालंय, पण मुद्दे नेहमीसारखे नंबर घालून. आई आमच्या खोलीत स्टोव्हपाशी भाकऱ्या थापत होती, तिला मी मोठ्याने वाचून दाखवलं. एक, साल आणि सदाफुली मुंबईला प्राध्यापक बाईंकडे पाठवली, त्यांनी ती एकत्र करून पट्टीवर चढवली, ठिपके वहीतल्या ठिपक्यांशी तंतोतंत जुळले. दोन, म्हणजे सापडलं ते जगाला आधीच सापडलेलं होतं, त्यात नवीन काही नाही. तीन, हे आपल्याला पहिल्याच दिवशी ओळखू यायला हवं होतं, पण नवीनच सापडणार असं धरून बसल्यामुळे जुनं समोर असून दिसलं नाही, ही चूक सर्वस्वी आपली. चार, तुमच्या मामांनी मला फसवलं नाही. पोत्यात कामाचं जे काही होतं ते त्यांनीच घातलेलं होतं. हे तुमच्या आईंना आणि मामींना न विसरता सांगावं.

आई म्हणाली, "चौथं परत वाच."

मी परत वाचलं. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. तिने ती काढली, हात पुसले आणि म्हणाली, "दादाला हे कळायला हवं होतं रे." मग थोड्या वेळाने, वहिनीला आजच्या आज पत्र टाक, म्हणाली.

पाचवा मुद्दा मी तिला वाचून दाखवला नाही. तो मी नंतर, बाहेर कठड्यापाशी उभा राहून वाचला. कंपनीला त्यांनी सगळं सविस्तर लिहून कळवलं होतं, वहीच्या पानांच्या नकला जोडून. उत्तर सभ्य आलं होतं. जुने साहेब नोकरी सोडून गेले, ती इमारत आता गोदाम म्हणून वापरतात, आणि आपण म्हणता तो प्रयोग कोणता, हे इथे कोणालाच आठवत नाही. त्याखाली डॉक्टरांनी लिहिलं होतं: 'त्यामुळे, सावंत, ही बातमी कळवावी असं तुम्हा मंडळींखेरीज आता कोणी उरलेलं नाही.'